दिवा विझेपर्यंत

११ ऑगस्ट, रविवार

रंग सुकला! एक पंख लाल, बाकीचे पांढरे, पोटावर काळा पट्टा. अगदी बाबांच्या फोटोतल्यासारखं. दोन हिवाळे गेले यात. दिवसभर प्रयोगशाळेत लोकांच्या कवळ्या घासायच्या आणि घरी येऊन पुन्हा तेच घासणं, तेच पॉलिश. पण झालं एकदाचं. माझ्या कमरेपेक्षा उंच ब्लॅक ब्रँट रॉकेट, खऱ्याची हुबेहूब नक्कल, जेवणाच्या टेबलावर उभं. दातांची कामं करणाऱ्या बाईनं घरी बसून केलंय, असं सांगूनही कुणाला पटायचं नाही.

बाबांना हाक मारली. आले, मान तिरकी करून बघितलं — हल्ली सगळंच तिरकं बघतात — आणि बोटांनी वरपासून खालपर्यंत चाचपलं. रिव्हेटांच्या रांगेवरून अंगठा फिरवला. ती रांग करताना माझी मान आखडली होती. मला वाटलं, आता यांच्या डोळ्यांत पाणी येणार. तर म्हणतात कसे, "उडवणार कधी?"

"उडवायचं नाहीये, बाबा. हे संग्रहालयात जाणार. सुताराला काचेची पेटीसुद्धा सांगून झाली."

"म्हणजे पुतळाच केलास की."

असा राग आला! म्हटलं, उत्तरेला चर्चिल गावच्या रॉकेट-तळावर इतकी वर्षं बटणावर तुम्हीच होतात ना? तेवढी उडवून हौस फिटली नाही?

"बटणावर होतो, पण बंकरमध्ये," म्हणाले. "तिथं खिडकी नव्हती गं. एकही उडताना पाहिलेलं नाही मी."

मला आधी थट्टाच वाटली. लहानपणी कामावरून आले की ते आम्हाला सांगायचे — कसं सरळ गेलं, कसं ध्रुवाकडच्या आकाशातल्या हिरव्या उजेडात शिरलं, कसं दिसेनासं झालं. मी नि धाकटा भाऊ पाल्ली तोंडाचा आ करून ऐकायचो. शाळेतल्या पोरींना मी तेच मीठमसाला लावून सांगायची.

"ते बाहेर उभे असलेले लोक मला सांगायचे," बाबा म्हणाले. "मी घरी येऊन तुम्हाला सांगायचो."

सत्तावन्न वर्षांची झाले आणि हे आज कळतंय मला!

१३ ऑगस्ट, मंगळवार

विनिपेगला गेलो होतो, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. डाव्या डोळ्याचा मधला भाग गेलेलाच आहे, त्यात नवं काही नाही. पण आता उजव्यातही सुरुवात झालीय. सुया देत राहू म्हणाल्या, टिकेल तितकं टिकवू. बाबांना बाहेर बसवून मी बाईंना विचारलं — किती टिकेल? बाई भल्या आहेत, गोल गोल बोलल्या नाहीत. "जे बघायचं राहिलंय ते बर्फ पडायच्या आत दाखवून घ्या त्यांना."

गाडीत बाबांनी आधी पट्टा लावला. मग म्हणाले, "बाई काय म्हणाल्या?" मी म्हटलं, सुया द्यायच्या म्हणाल्या. ते म्हणाले, "तुला खोटं बोलता येत नाही, सिग्गा. आईवर गेलीस."

१४ ऑगस्ट, बुधवार

उडवायचं. ठरलं. आई गं!

१७ ऑगस्ट, शनिवार

रॉकेट उडवणाऱ्या क्लबच्या लोकांना भेटून आले. मी त्यांच्यात तशी नवीच. गेल्या वर्षी पुठ्ठ्याची दोन छोटी खेळणी उडवलीत तेवढीच. खऱ्याची हुबेहूब प्रतिकृती उडवणं म्हणजे वेगळंच प्रकरण. खेळण्याचे पंख आपण हवे तेवढे मोठे करावेत, प्रतिकृतीचे खऱ्याला होते तेवढेच राहतात. मग ते सरळ जाईल की नाही, याचा भरवसा कसा धरायचा?

ओरेस्ट — मैदानावर सुरक्षेचं तोच बघतो, त्याच्या होकाराशिवाय काडीसुद्धा पेटत नाही — त्यानं माझे फोटो बराच वेळ बघितले. मग एकच प्रश्न. "नाक निघतं का?"

नाही निघत. चिकटवून टाकलंय. आत पॅराशूट जायचंच नव्हतं तर कशाला सुटं ठेवणार?

"मग हे खाली कसं यायचं, दातवाल्या बाई? शिडीवरून?"

सगळे हसले, मीही हसले. गेल्या वर्षी ओरेस्टचंच एक उलटं फिरलं होतं. त्याची तीन वर्षांची मेहनत, पॅराशूट उघडलंच नाही, आणि नाकावर येऊन जमिनीत असं घुसलं की फावड्यानं उकरून काढावं लागलं. तो तेव्हाही हसत होता. मी त्याच्या बायकोकडे बघत होते, ती हसत नव्हती.

मी त्यांना बाबांचं सांगितलं. हशा थांबला. ओरेस्ट म्हणाला, "सात सप्टेंबरला माझ्या मेहुण्याच्या रानावर आहोत. घेऊन या त्यांना."

२० ऑगस्ट, मंगळवार

कापलं.

कवळ्या कापायची बारीक चकती, हजारदा हातात धरलेली. लोकांच्या तोंडात जायच्या वस्तू मी रोज डोळे मिटून कापते म्हटलं तरी चालेल. आज नाकाखालच्या रेषेवर चकती टेकवली आणि तशीच बाजूला ठेवली! उठले, भांडी घासली, परत बसले. बाबा शेजारी कॉफी घेऊन बसलेले, साखरेचा खडा दातात धरून. म्हणाले, "एवढा विचार केलास तर पेशंट पळून जाईल." शेवटी त्यांच्यावर चिडूनच चकती चालवली.

रेष सरळ आलीय. काळ्या पट्ट्याच्या कडेला रंगाचा टवका उडालाय नखाएवढा. तासभर त्या टवक्याकडेच बघत होते.

२४ ऑगस्ट, शनिवार

दोरीची परीक्षा पास!! रॉकेट जिथं तोलून राहतं तिथं दोरी बांधायची आणि डोक्यावरून गरगरा फिरवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं तर हवेतही सरळ जाणार. मागच्या अंगणात फिरवलं. नाक पुढे, शेपूट मागे, किती शहाण्यासारखं! शेजारच्या बाई कुंपणावरून बघत होत्या. मी मधमाश्या हाकलतेय असं त्यांना वाटलं.

इतकी हलकी झाले की संध्याकाळी आलुबुखाऱ्याचा थरांचा केक करायला घेतला. सणाला करायचा केक ऑगस्टमध्ये!

२५ ऑगस्ट, रविवार

ओरेस्टला फोन करून ऐटीत सांगितलं. तो म्हणाला, "छान. इंजिन घालून फिरवलंत ना?"

मी फोन धरून कपाटातल्या इंजिनाच्या खोक्याकडे बघितलं.

"इंजिनाशिवाय? इंजिनाशिवाय तर माझी चप्पलसुद्धा सरळ जाते हो!"

कपाळाला हात लावला. इंजिन म्हणजे दाबून भरलेल्या दारूची जाड कांडी, ती शेपटीत बसते. शेपूट जड झालं की सगळा तोलच बदलतो. हे मला माहीत होतं. वाचलं होतं, लिहून ठेवलं होतं, बाबांना समजावूनसुद्धा सांगितलं होतं! तशीच अंगणात गेले, कांडी बसवली, दोरी सरकवून पुन्हा तोल साधला, फिरवलं. एक फेरी बरी गेली. दुसरीत डगमगलं. आणि मग शेपूट पुढे करून उलटंच फिरायला लागलं, नाक मागे लोंबतंय. तसंच सोडलं असतं तर? बाबांच्या अंगावर आलं असतं तर?

केक तसाच पडलाय. बाबांनी एकट्यानं दोन तुकडे खाल्ले.

२८ ऑगस्ट, बुधवार

बाबांच्या मासेमारीच्या डब्यातली शिशाची वजनं, सगळी! तळ्यावर जाऊन पिकरेल मासे पकडायचे दिवस संपले, घे म्हणाले, आणि डबाच माझ्यापुढे सरकवला. मला ते घेववेना. त्यांनी मूठभर काढून स्वतःच माझ्या ओंजळीत ओतली. दातांच्या साच्यांत भरायची राळ घेऊन ती नाकाच्या आत ओतून पक्की केली. आता नाक इतकं जड झालंय की रॉकेट उचलताना पुढे झुकतं.

अंगणात फिरवलं, या वेळी कांडी घालून. नाक पुढे! पुन्हा फिरवलं. नाक पुढे! उलट्या दिशेनं — नाक पुढेच! हात खांद्यातून निखळेपर्यंत फिरवलं. बाबा पायरीवर बसून मान तिरकी करून ऐकत होते. हो, ऐकतच होते. दोरीचा सूं सूं आवाज. म्हणाले, "आता आवाज एकसारखा येतोय."

१ सप्टेंबर, रविवार

आज स्वयंपाकघरात रंगीत तालीम. क्लबनं बटणाची पेटी दिलीय घरी न्यायला. किल्ली, दिवा, लाल बटण. कांडी पेटवणाऱ्या वातीच्या जागी तारांना टॉर्चचा बल्ब जोडला. बाबांपुढे टेबलावर पेटी ठेवली आणि — काय सांगू! माझ्या शहाऐंशी वर्षांच्या बाबांची पाठ सरळ झाली. आवाजच बदलला.

"कुणी बोलायचं नाही. किल्ली माझ्याकडे. मैदान मोकळं?"

"मोकळं," मी म्हटलं. मांजर टेबलाखाली होतं, पण सांगायची छाती झाली नाही.

किल्ली फिरवली, दिवा लागला. दिवा लागला म्हणजे तार शाबूत. मग पाच, चार, तीन, दोन, एक. बटण दाबलं. बल्ब पेटला, मी टाळ्या वाजवल्या. बाबा वाकून पेटीच्या दिव्याकडेच बघत. मग किल्ली काढून खिशात टाकली.

"किल्ली खिशात गेल्याशिवाय काम संपलं म्हणायचं नाही," म्हणाले. "खरी वात जळली की तार तुटते आणि दिवा विझतो. आम्हाला आत तेवढंच कळायचं. दिवा विझला, म्हणजे गेलं."

क्लबचा रिवाज आहे. पहिल्या उड्डाणाला बटण रॉकेट बनवणाऱ्यानंच दाबायचं. मी ओरेस्टला म्हटलं, बाबा दाबतील. तो म्हणाला, "मग? खरं रॉकेट कुणी उडवलं होतं, तुम्ही?"

रात्री जेवताना कॅलगरीहून पाल्लीचा फोन. "ताई, दोन हिवाळे घालवून केलंस ते दोन सेकंदांत फोडणार? त्यापेक्षा ओट्यावर ठेवून हातोडी मार, पेट्रोल वाचेल." मी म्हटलं, बाबांना बघायचंय. त्याचा थट्टेचा सूर गेला. मग म्हणाला, "फोडू नकोस गं."

तेच तर! मी मुद्दाम फोडणार आहे का?

७ सप्टेंबर, शनिवार

रद्द. तळ्याकडून असा वारा सुटलाय की कपडे वाळत घालायचे चिमटे उडाले. बाबा सकाळपासून कोट घालून दारात बसलेले. ओरेस्टचा फोन आला तेव्हा मला आधी सुटकाच वाटली. मग दारातली ती आकृती बघितली आणि स्वतःची लाज वाटली.

१० सप्टेंबर, मंगळवार

आज बाबांनी कॉफी कपाच्या शेजारी ओतली. सगळी. टेबलावरून पायावर आली तेव्हा कळलं त्यांना. मी पुसत होते, ते म्हणाले, "कप हलवलास का?"

"हो," मी म्हटलं. "माझाच धक्का लागला."

या वेळी त्यांनी मला खोटं बोलता येत नाही असं म्हटलं नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

पाऊस. रानात गुडघाभर चिखल. आता पुढचा शनिवार.

१७ सप्टेंबर, मंगळवार

कामात लक्ष नाही. एका गृहस्थांच्या कवळीत खालचे दात वर बसवले. नशीब पाठवायच्या आधी दिसलं.

माझ्या डोक्यात एकाच वेळी सगळं फिरतंय. नाक जास्त घट्ट बसलं तर पॅराशूट बाहेर येणार नाही. सैल बसलं तर वर जातानाच गळून पडेल. पॅराशूटखाली न जळणारा कागद घालायचा राहिला तर छत्रीचा गोळा होऊन वितळेल. वात ओली निघाली तर? आणि हे सगळं नीट झालं पण त्या दिवशी ढग खाली आले तर? बाबांना काय दिसणार, ढग?

अंगणावरून हंसांचे थवे दक्षिणेकडे जायला लागलेत. बाबा आवाज ऐकून वर बघतात आणि विचारतात, "किती आहेत?" पूर्वी ते मला मोजून सांगायचे.

२० सप्टेंबर, शुक्रवार

उद्या आकाश निरभ्र, वारा नाही. रेडिओवर तीनदा ऐकलं. पॅराशूट घडी केलं, उलगडलं, पुन्हा घडी केलं. बाबांनी ट्रंकेतून चर्चिलचा जुना जाड कोट काढून ठेवलाय. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर पसरलाय.

एकदाच. एकदा त्यांनी बघितलं की संपलं. मग ते थेट काचेच्या पेटीत जाणार आणि मी आयुष्यात पुन्हा दारूच्या कांडीला हात लावणार नाही. देवा, एवढं एकदा.

२१ सप्टेंबर, शनिवार

उडालं!!

नीट लिहायला हवं.

सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं. ओरेस्टच्या मेहुण्यानं गवत कापून गठ्ठे बांधून एका कडेला लावले होते. आभाळ इतकं निळं की बघवत नव्हतं. आम्ही पोचलो तर सगळे येऊन बाबांशी हात मिळवून गेले. ओरेस्टनं टेबलामागे त्यांच्यासाठी खुर्ची मांडली. "इंगीकाका, आज मैदान तुमचं," म्हणाला.

मग माझी तपासणी. त्यानं पंख धरून ओढले. ओढले म्हणजे अक्षरशः उपटायला बघितले. मला तर माझाच दात कुणी काढतंय असं वाटलं. रॉकेट उलटं करून हलवलं. नाक सटकन माझ्या हातात आलं! "सैल आहे. टेप लावा एक वेढा." वेढा दिला. "कागद घातलाय ना पॅराशूटखाली?" घातला होता, शपथेवर सांगते. तरी उघडून बघितलं. होता. दोन पावलं गेले आणि पुन्हा शंका. पुन्हा उघडलं. होता.

"दातवाल्या बाई, आता एकदा जरी उघडलंत ना, तर मी घरी जातो."

दांड्यावर रॉकेट चढवलं, वात बसवली, तारा जोडल्या. परत येताना मागे वळून बघितलं. गवताच्या रानात एकटंच उभं. इतकं छोटं दिसत होतं! घरी टेबलावर केवढं मोठं वाटायचं.

ओरेस्टनं भोंगा हातात घेतला. "पहिलं उड्डाण! सगळे उभे राहा!" हा नियमच आहे. पहिल्यांदा उडणारं काय करेल सांगता येत नाही, बसलेल्या माणसाला पळायला वेळ लागतो. खुर्च्या सरकल्या. बाबाही टेबलाला धरून उभे राहिले. मी टेबलाच्या पुढे गेले. मागे त्यांच्याजवळ थांबवेना. जीव मुठीत धरणं म्हणजे काय ते आज कळलं. खरंच मुठी आवळलेल्या, तळहातावर नखांचे वण आहेत अजून.

"मैदान मोकळं?" बाबांचा तो आवाज. "आकाश मोकळं?"

पाच. चार. तीन. दोन. एक.

फुस्स.

बिडीएवढा धूर. बस. रॉकेट जागच्या जागी.

कुणीतरी मागून म्हणालं, "इंगीकाका, चर्चिलचं पांढरं अस्वल आलं का तारेवर?" हशा झाला. मला रडू फुटायच्या बेतात. बाबा नाही हसले. म्हणाले, "किल्ली काढली. किल्ली माझ्या हातात आहे. कुणी जवळ जायचं नाही." ओरेस्टसुद्धा जागीच थांबला. ठरलेला वेळ जाऊ दिला, मग मी आणि तो गेलो. वात नुसतीच धुमसली होती, तारही तुटली नव्हती, आणि ती कांडीला पोचलीच नव्हती. मी नीट वरपर्यंत सरकवली नव्हती! थंडीनं बोटं बधिर झाली होती. ओरेस्टनं नवी वात माझ्याच हातात दिली आणि काही न बोलता शेजारी उभा राहिला. यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

पुन्हा सगळे उभे. पुन्हा बाबांचा आवाज. "किल्ली लावली. दिवा लागला."

पाच, चार, तीन, दोन, एक —

गेलं!! आधी धूर दिसला, मग आवाज आला, कापड टराटरा फाडावं तसा. सरळ! दोरीला बांधून ओढल्यासारखं सरळ. मध्येच एकदा वळलं आणि लाल पंखावर ऊन चमकलं. मग पांढऱ्या रेघेच्या टोकाला एक ठिपका. ठिपका वर थबकला, झुकला, नाक खाली करून यायला लागला. पॅराशूट नाही. अजून नाही. "उघड रे बाबा, उघड!" — मी मोठ्यानं ओरडत होते म्हणे. आणि फट्! केशरी छत्री!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओरेस्ट मला मिठी मारून गदागदा हलवत होता. मी मागे वळले. बाबा टेबलापाशी किल्ली कोटाच्या खिशात टाकून खिशाचं बटण लावत होते. एवढ्या वर्षांनीसुद्धा शिस्त सुटत नाही! मला हसू आलं आणि रडूही आलं. मग त्यांनी मान वर केली. त्यांचे डोळे भरले होते.

"सांग," म्हणाले. "कसं गेलं, सांग."

मी भडाभडा सगळं सांगितलं. ते मान हलवत राहिले.

गवताच्या खुंटांवर उतरताना एक पंख मोडला, तोच लाल. बाकी ओरखडाही नाही. मोडू दे! मी आज पंखासाठी रडणार नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

दहा तास झोपले. किती दिवसांनी!

पाल्लीशी बोलले. तो म्हणाला, "बाबांनी बघितलं?" मी म्हटलं, "बघितलं रे." मग तो हवामान विचारायला लागला.

काल गाडीत बाबांनी पुन्हा विचारलं, कसं वळलं ते. रात्री कॉफी घेताना पुन्हा. आज सकाळी त्यांचे जुने सोबती फोनवर होते तेव्हा मी भांडी लावत ऐकत होते. "सरळ गेलं. दोरीला बांधून ओढल्यासारखं. एकदाच वळलं आणि लाल पंखावर ऊन चमकलं." अगदी माझ्याच शब्दांत! मला इतकं बरं वाटलं. मी कुठे चांगली सांगणारी.

२४ सप्टेंबर, मंगळवार

क्लबमधल्या कुणीतरी फिल्म काढलीय. ओरेस्टनं पाठवली. बाबांना म्हटलं, मोठ्या पडद्यावर लावते, जवळ बसा. नको म्हणाले. "फिल्मा तळावर पुष्कळ दाखवायचे आम्हाला. फिल्म ती फिल्मच."

उद्या सुतार पेटी घेऊन येतोय. संग्रहालयवाले शुक्रवारी नेतील.

२५ सप्टेंबर, बुधवार

सुतार आला. पेटी सुरेख झालीय. मी रॉकेट आत ठेवत होते, तर बाबांनी काचेवर हात ठेवला.

"बंद करू नकोस. सिग्गा, मी दिवा बघत होतो."

मला कळेना.

"पहिल्यांदा फसलं होतं ना. म्हणून दिवा विझेपर्यंत नजर काढली नाही. मग किल्ली. वर बघितलं तेव्हा नुसता धूर होता गं."

पेटी परत पाठवली. संग्रहालयाला नाही म्हणून कळवलं. ओरेस्टला फोन केला. बर्फाआधीचा शेवटचा शनिवार बारा ऑक्टोबर. लाल पंख आजच चिकटवते.

या वेळी बटण मी दाबणार. बाबांच्या हातात कॉफीचा कपसुद्धा द्यायचा नाही.